गूबर : एका शेंगेचें नांव

अमेरिकेच्या दक्षिण भागांत, विशेषतः जॉर्जिया व दक्षिण कॅरोलायना या राज्यांत, उन्हाळा लागला कीं रस्त्याकडेच्या भाजीपाल्याच्या दुकानांपाशीं मिठाच्या पाण्याचीं मोठालीं पातेलीं उकळूं लागतात. त्यांत भुईमुगाच्या शेंगा शिजत असतात. जाणतें गिऱ्हाईक प्रथम एकच प्रश्न विचारतें : शेंग ओली कीं वाळलेली? नुकतीच उपटलेली ओली शेंग कांहीं तासांत मऊ होते व खारें पाणी थेट दाण्यांत मुरतें. वाळलेलीस पुष्कळ अधिक वेळ लागतो, आणि ती गोडी तिला येत नाहीं. शिवाय ओली शेंग फार दिवस टिकत नाहीं. म्हणून हा जिन्नस शेताजवळच्या दुकानींच उत्तम मिळावा, हें साहजिक आहे.

हें पीक मूळचें दक्षिण अमेरिकेचें. पोर्तुगीजांनीं तें आफ्रिकेंत नेलें. तेथें भुईंतच शेंग धरणारें दुसरें एक कडधान्य पूर्वींपासून होतें. त्यामुळें पाहुण्यास घर शोधावें लागलें नाहीं. पुढें गुलामांच्या व्यापाराबरोबर ही शेंग उत्तर अमेरिकेंत पोंचली. दक्षिणेंत तिला ‘गूबर’ म्हणतात. तो शब्द काँगो प्रदेशांतील ‘न्गुबा’ पासून आलेला आहे. ज्यांना स्वतःचें नांवहि राखूं दिलें नाहीं, त्यांनीं शेंगेचें नांव मात्र राखलें! १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत गुलामगिरी टिकविण्यासाठीं झगडणाऱ्या पक्षाच्या अर्धपोटी सैनिकांनीं हीच गूबर खाल्ली, आणि त्याच नांवानें खाल्ली. २००६ सालीं दक्षिण कॅरोलायनानें उकडलेल्या शेंगेस कायद्यानें राज्याच्या अधिकृत फराळाचा मान दिला.