रोवणीचे लुगडे आणि कचेरीचा कोट

भंडाऱ्याच्या कापडदुकानात जाऊन ‘बायकांचा सूट दाखवा’ असे म्हटले, तर दुकानदार सलवार-कमीजचे कापड गादीवर पसरतो. हिंदीच्या शेजारामुळे आमच्या या पूर्व विदर्भात बाईचा ‘सूट’ म्हणजे तेच. पुरुषाचा सूट म्हणजे कोट-पँट, याबद्दल मात्र कोणाच्या मनात शंका नसते. एकाच शब्दाचे लिंगानुसार दोन अर्थ झाले आणि दोन्ही निमूटपणे रुळले. बाईसाठी कोट-पँट हवीच असेल, तर साठेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे किंवा मोबाईलवरून मागवून मापाची चिंता करत बसावे, असा येथला रिवाज आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु वस्त्र हीदेखील एक भाषा आहे, आणि कोणत्या बाईने काय नेसून कोणत्या उंबरठ्यापर्यंत यावे, याचे व्याकरण त्या भाषेत दडलेले असते. ‘कामावर जाणाऱ्या बाईचा पोशाख’ ही कल्पना आपल्याकडे कशी घडत गेली, हे भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने तपासून पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्त्री कामाला लागली ती कचेऱ्या निघाल्यावर, असे आपण नकळत धरून चालतो. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. आषाढात धानाच्या बांध्यांमध्ये पऱ्हे लावायला ज्या बाया उतरतात, त्यांच्या अनेक पिढ्या या चिखलात उभ्या राहिल्या आहेत. कासोटा घातलेले नऊवारी लुगडे हा त्यांचा कामाचा पोशाख होता. गुडघ्यापर्यंत खोचता येणारे, दोन्ही पाय मोकळे ठेवणारे, वाकताना आणि बांध ओलांडताना कोठेही न अडवणारे असे हे वस्त्र. त्याला खिसे नव्हते, पण पैसे ठेवायला कनवट होती आणि शेंगा-भाजी घ्यायला ओचा होता. कामासाठी याहून सोयीचे वस्त्र शिंप्याच्या मदतीवाचून क्वचितच सिद्ध झाले असेल.

कचेरी आली तेव्हा तिने हे वस्त्र स्वीकारले नाही. शाळेत, दवाखान्यात, पुढे जिल्हा परिषदेत आणि न्यायालयात बाई आली ती पाचवारी गोल साडीत. कासोटा सुटला, पायांभोवती निऱ्यांचा घोळ आला. ओचा गेला, कनवट गेली आणि त्यांच्या जागी हातात पर्स आली. शेतातून कचेरीत येताना बाईच्या अंगावरचे वस्त्र हालचालीला अधिक सोयीचे होण्याऐवजी कमी सोयीचे झाले. ‘सभ्य’ आणि ‘सुटसुटीत’ हे दोन शब्द तिच्या बाबतीत परस्परांपासून दूर गेले.

या स्थित्यंतराची एक प्रसिद्ध खूण आनंदीबाई जोशींच्या चरित्रात सापडते. १८८३ साली अमेरिकेला गेलेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या आनंदीबाईंपुढे तेथल्या थंडीत प्रश्न उभा राहिला तो नेसण्याचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती धर्तीची साडी पत्करली. तेथल्या बायकांचा झगा त्यांनी घेतला नाही. व्यवसायाचे शिक्षण परके चालेल, वस्त्र मात्र आपलेच हवे, अशी ही तडजोड होती. शिकणारी मुलगी बाटते, हा आक्षेप ज्या समाजात सतत टपलेला होता, त्या समाजाला दिलेले ते उत्तरही होते.

याच काळातल्या पुरुषांकडे पाहिले म्हणजे या तडजोडीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकातला मराठी कारकून किंवा वकील खाली धोतर, वर कोट आणि डोक्याला पगडी अशा थाटात कचेरीत जाई. घर आणि साहेब या दोघांचा मान राखणारे असे ते धेडगुजरी वस्त्र होते. पण पुरुषाच्या बाबतीत हा मधला मुक्काम ठरला. दोन-तीन पिढ्यांत धोतर गेले, विजार आली आणि त्यामुळे धर्म बुडाल्याची ओरड फार काळ टिकली नाही. बाईला मात्र त्या मधल्या मुक्कामावरच वस्ती करावी लागली. १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या, मिळवत्या मुलींची घुसमट मांडली आणि मराठी समाजात खळबळ उडाली. बाईची कमाई घराने पत्करली होती. त्या कमाईबरोबर येणारे स्वातंत्र्य पत्करणे त्याला जड जात होते. वस्त्राच्या बाबतीतही हाच हिशेब राहिला.

आतापर्यंतचा हा इतिहास प्रामुख्याने उच्चवर्णीय घरांचा आहे, याची आम्हांला जाणीव आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तो तेवढ्यावर थांबवणे अन्यायाचे ठरेल. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांशी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेसण्याच्या पद्धतीचा विषय मुद्दाम काढला होता. गुडघ्यापर्यंत वर घेतलेले लुगडे आणि अंगावरचे जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख बनली आहे, ती टाका. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, असे त्यांनी सांगितले. जे आखूड लुगडे आम्हांला कष्टाच्या दृष्टीने सोयीचे वाटते, तेच एका समाजाच्या पायातली बेडी होते, हे या प्रसंगाने ध्यानात येते. सोय आणि प्रतिष्ठा यांपैकी एकीची निवड करण्याची पाळी ज्यांच्यावर कधी आली नाही, त्यांनी सोयीची थोरवी फार सांगू नये. याच भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. परंतु ज्यांनी त्यांचा विचार घेतला, त्यांच्या लेकीसुना पुढे शिक्षिका, परिचारिका, कारकून झाल्या. त्यांच्या अंगावरची इस्त्रीची पाचवारी साडी म्हणजे केवळ कचेरीच्या रिवाजापुढे मान तुकवणे नव्हते. ओळखीची एक जुनी खूण पुसून टाकण्याची ती रीत होती. एकच साडी एकीला बंधन आणि दुसरीला सुटका वाटू शकते. वस्त्राच्या इतिहासात सरसकट निवाडा देता येत नाही, तो याचसाठी.

या जिल्ह्याचे स्वतःचे एक वस्त्रही या कथेत आहे. जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसराच्या अळ्या जोपासण्याचे काम येथे प्रामुख्याने ढिवर समाज करतो. मोहाडी, आंधळगाव या भागांतील कोष्टी त्या धाग्याचे कापड विणतात. लोक त्याला कोसा म्हणतात. करवतीच्या दातांसारख्या काठामुळे येथली साडी ‘करवतकाठी’ म्हणून ओळखली जाते. अंगाचा धागा आणि काठाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी विणत एकमेकांत अडकवायचे, असे ते जिकिरीचे काम. जुन्या घरांत असले रेशीम सोवळ्याला चाले. सुताला विटाळ लागे, रेशमाला तो सहज लागत नसे, अशी समजूत. म्हणून पूजेला आणि पंगतीला मुकटा किंवा कद. आज हेच कोशाचे वस्त्र मुलाखतीला, सभेला, चर्चासत्राला नेसले जाते. भडक नाही, चकाकी मंद, प्रौढ दिसते, अशी त्याची वाखाणणी होते. देवघरात जे शुद्धतेचे वस्त्र होते, ते कचेरीत गांभीर्याचे वस्त्र झाले. दोन्हीकडे बाईने निर्दोष दिसावे ही अपेक्षा मात्र तीच राहिली.

या निर्दोषपणाची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. देशाच्या टसरपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या बाया उकडलेल्या कोशांतून धागा ओढून तो आपल्या उघड्या मांडीवर वळत आल्या. त्वचा सोलवटून निघे आणि हाती पडणारी मजुरी अल्प असे. ही पद्धत संपावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे यंत्र पुढे आणले. अंगभर वस्त्र नेसून सभेत बसलेल्या बाईच्या प्रतिष्ठेचा धागा दुसऱ्या एखाद्या बाईच्या उघड्या मांडीवर वळला गेलेला असतो. आम्हांला हा विरोधाभास नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

कोट-पँटच्या सर्वांत जवळ जाणारे वस्त्र येथे कोठे दिसत असेल, तर ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालील नियमांनी स्त्री वकिलांसाठी पूर्ण बाह्यांचे काळे जाकीट किंवा ब्लाऊज, पांढरी कॉलर आणि पांढरे बँड सांगितले. खाली साडी, लांब स्कर्ट किंवा सलवार-कुर्ता चालतो, रंग मात्र पांढरा, काळा अथवा सौम्य हवा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा धोतरावरचा कोट आज साडीवर आला आहे. लंडनच्या थंड हवेतून आलेला हा काळा रंग भंडाऱ्याच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात काय करतो, ते सांगायला नको. खालच्या न्यायालयांत उन्हाळ्यापुरती कोटातून सूट आहे, हाच दिलासा. हा कोट शिवायला जावे तर पुरुषांचा शिंपी बाईचे माप घ्यायला बिचकतो आणि ब्लाऊज शिवणारी ताई कोटाची कॉलर बसवायला नाही म्हणते. दोन दुकानांच्या मधल्या या जागेत स्त्री वकिलाचा कोट कसाबसा तयार होतो.

अलीकडच्या काळात शासनानेही या प्रश्नात लक्ष घातले आहे. ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने सरकारी कार्यालयांतील पेहराव ठरवून दिला. स्त्रियांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, ट्राउझर आणि त्यावर कुर्ता किंवा शर्ट, आणि आवश्यक असल्यास दुपट्टा, अशी ती यादी होती. शुक्रवारी खादी वापरावी, असेही त्यात म्हटले होते. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी जो निर्णय निघाला, त्यात स्त्रियांसाठी साडी, सलवार, चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा आहेत, ट्राउझर नाही. मंत्रालयात फायलींवर सही करणाऱ्या बाईला जे शोभते, ते वर्गात फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईला का शोभू नये, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजणी शिक्षिका आहेत. त्यांनी हा फरक स्वतःच्या कपाटापुढे उभ्या राहून अनुभवला असेल.

शेवटी पुन्हा दुकानाकडे वळू. नव्याने नोकरीला लागलेली मुलगी भंडाऱ्याच्या बाजारात जाते, तेव्हा पुरुषासारखा तिचा पोशाख हँगरवर तयार लटकलेला नसतो. साडी एका दुकानातून, परकर आणि ब्लाऊजपीस मॅचिंग सेंटरमधून, फॉल-पिको तिसरीकडे, शिलाई चौथीकडे; आणि या प्रत्येक ठिकाणी ‘शाळेत चालेल ना?’, ‘ऑफिसात फार भडक तर नाही दिसणार?’ हा प्रश्न. तो ती दुकानदाराला विचारते, सोबत आलेल्या आईला विचारते, आरशाला विचारते. सोबत आलेली आई कदाचित अजूनही आषाढात बांधीत उतरत असेल. लुगडे खोचून चिखलात पाऊल टाकण्यापूर्वी तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण तिच्या श्रमाला कोणी नोकरी म्हटले नव्हते. लेकीच्या श्रमाला ते नाव मिळाले आणि त्याच्याबरोबर हा प्रश्नही आला. तो न विचारता तिला कपडे घेता येतील, त्या दिवशी बाईच्या ‘सूट’ला कोणते नाव मिळेल हे आम्ही सांगू शकत नाही, पण त्याला एक खिसा असावा, एवढी सूचना करून ठेवतो.