मूत्रगळती, स्त्रियांमधील : व्यवस्थापन व उपचार

आवरण्याची इच्छा असूनही लघवी सुटणे म्हणजे मूत्रगळती. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीच्या २००२ मधील परिभाषेत प्रमाणाची अट नाही; चार थेंब गेले तरी ती गळतीच. हे लक्षण आहे, स्वतंत्र रोग नव्हे, म्हणून कारण ठरल्याशिवाय उपचार ठरत नाही. वयाबरोबर तिचे प्रमाण वाढते, पण म्हातारपणाचा तो अटळ भाग नाही, आणि तरुण बाळंतिणींमध्येही ती आढळते. बहुतेक जणींना उपचाराने आराम पडतो. तरीही कित्येक स्त्रिया ही तक्रार वर्षानुवर्षे घरातही बोलत नाहीत आणि दवाखान्यात कंबरदुखी किंवा अंगावरून जाणे एवढेच सांगतात. त्यामुळे ‘खोकताना, हसताना लघवी होते का?’ हे डॉक्टरांनी आपणहून विचारणे हा तपासणीचा आवश्यक भाग मानला पाहिजे.

कारणे : स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी. लांब असतो. जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले श्रोणितल स्नायू त्याला, मूत्राशयाला आणि गर्भाशयाला खालून आधार देतात. योनिमार्गे झालेल्या प्रसूती, विशेषतः लांबलेल्या कळा किंवा चिमट्याने केलेली सुटका, यांत हे स्नायू व त्यांच्या नसा दुखावतात. लठ्ठपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि सततची ओझी उचलण्याची कामे यांमुळे त्यांच्यावरचा भार वाढतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटून मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते. मधुमेह, पक्षाघात, कंपवात आणि मज्जारज्जूचे विकार यांत मूत्राशयावरचे नियंत्रण बिघडते. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा गळतीशी कितपत संबंध आहे, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

प्रकार : शिंकणे, खोकणे, हसणे, हंडा उचलणे अशा क्षणी पोटातला दाब वाढून लघवी सुटते, ती तणावजन्य गळती. येथे ‘तणाव’ शारीरिक दाबाचा आहे, मनाचा नाही. अचानक तीव्र घाई होऊन शौचालय गाठण्याआधीच लघवी होते, ती निकडीची गळती. यात मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो. दोन्ही एकत्र असल्यास मिश्र. मूत्राशय नीट रिकामा न झाल्याने तुंबून ओसंडणारी गळती स्त्रियांत कमी आढळते. गुडघे धरल्यामुळे किंवा शौचालय लांब असल्यामुळे वेळेत न पोचणाऱ्या वृद्धेचा मूत्राशय निरोगीही असू शकतो.

तपासणी : किमान ३ दिवसांची नोंदवही, म्हणजे किती प्यायले, किती वेळा व किती लघवी झाली, केव्हा सुटली यांची टिपणे, हे सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त साधन होय. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग व साखर पाहतात. मूत्राशय भरलेला असताना खोकायला सांगून गळती प्रत्यक्ष दिसते का ते तपासतात. अंग बाहेर आले आहे का, हेही पाहिले जाते. लघवी झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत कळते. मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी सरसकट लागत नाही. साध्या तणावजन्य गळतीत ती आधी केल्याने शस्त्रक्रियेचा निकाल सुधारत नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले. लघवीत रक्त दिसणे, किंवा पाय बधिर-कमजोर होऊन अचानक गळती सुरू होणे, ही मात्र तातडीची लक्षणे आहेत.

सवयी व वजन : गळतीच्या धास्तीने पाणी तोडणे हा सर्वत्र आढळणारा आणि अपायकारक उपाय आहे. दाट लघवी मूत्राशयाला डिवचते व बद्धकोष्ठ वाढते. पाणी बेताने पण पुरेसे प्यावे, चहा-कॉफी कमी करावी. लठ्ठ स्त्रियांत वजन घटवल्याचा परिणाम ठोस आहे : २००९ च्या एका अमेरिकी चाचणीत सुमारे ८ टक्के वजन उतरवलेल्या गटात आठवड्यातील गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले, तुलनेच्या गटात २८ टक्क्यांनी. मात्र ज्यांना दिवसभर शौचालयच मिळत नाही त्यांच्यासाठी पुरेसे पाणी पिण्याचा सल्ला अपुरा ठरतो. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांबाबत निर्देश दिले, त्याचे आरोग्यमूल्य या संदर्भात लक्षात येते.

श्रोणितल व्यायाम : तणावजन्य व मिश्र गळतीवरचा पहिला उपचार. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ही पद्धत, तसेच आकुंचनाचा जोर मोजणारे पेरिनिओमीटर हे उपकरण मांडले. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आत व वर ओढले जातात तेच आवळायचे. पोट, मांड्या व नितंब सैल ठेवायचे आणि श्वास रोखायचा नाही. नुसत्या तोंडी सूचनेवर अनेक जणी उलट खाली जोर देतात, त्याने त्रास वाढू शकतो. म्हणून प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरने योनीत बोट घालून आकुंचन योग्य होते का ते एकदा पाहणे जरुरीचे आहे. छापील पत्रक देऊन भागत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने करावीत. शिंक वा खोकला येण्याच्या क्षणाआधी स्नायू आवळण्याची सवयही लावतात. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात तणावजन्य गळती असलेल्या, व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५६ टक्क्यांनी, तर न करणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी बरे झाल्याचे सांगितले. इतका स्वस्त व निर्धोक उपचार टाळून थेट शस्त्रक्रियेकडे जाणे समर्थनीय नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवणे हे स्नायू ओळखण्यापुरते एखाद्या वेळी ठीक. तोच रोजचा व्यायाम करू नये. योगातील मूलबंधाचे याच्याशी साम्य असले तरी गळतीवरील उपचार म्हणून त्याचा पुरेसा पुरावा उपलब्ध नाही.

मूत्राशय-प्रशिक्षण व औषधे : निकडीच्या गळतीत दोन लघव्यांमधले अंतर हळूहळू वाढवत नेतात, किमान ६ आठवडे लागतात. न जमल्यास ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही औषधे देतात. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ व धूसर दिसणे हे त्यांचे दुष्परिणाम असून वृद्धांत गोंधळलेपणाही येतो, म्हणून अशक्त वृद्धेला ऑक्सिब्युटिनिन देणे टाळतात. मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने काम करते. रक्तदाब फार वाढलेला असल्यास ते वर्ज्य. पाळी गेलेल्या स्त्रीस योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाचा उपयोग होतो. संप्रेरकांच्या तोंडी गोळ्यांनी मात्र गळती वाढल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

औषधांनी भागले नाही तर मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनम विषाची इंजेक्शने देतात. परिणाम काही महिने टिकतो. लघवी तुंबल्यास काही काळ स्वतः कॅथेटर घालावा लागू शकतो, त्याची तयारी आधीच करवून घेतात. त्रिकास्थीजवळील नसेचे विद्युत् उद्दीपन हा खर्चिक पर्याय.

शस्त्रक्रिया : केवळ तणावजन्य गळतीसाठी, व्यायामाने भागले नाही तर आणि पुढे मूल नको असेल तर. मूत्राशयाच्या मानेजवळची योनीभिंत टाके घालून वर उचलण्याची बर्च यांची पद्धत १९६१ ची. रुग्णेच्याच पोटावरील पटलाची पट्टी मूत्रमार्गाखाली बसवण्याची रीत त्याहून जुनी आहे. २००७ च्या अमेरिकी चाचणीत या दोन्हींची तुलना झाली : दोन वर्षांनी तणावजन्य गळती आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण पट्टीच्या गटात ६६ टक्के, बर्च गटात ४९ टक्के होते, परंतु पट्टीनंतर मूत्रसंसर्ग व लघवी अडखळणे अधिक होते. १९९६ मध्ये स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन यांनी स्थानिक भूल देऊन मूत्रमार्गाच्या मध्याखाली पॉलिप्रोपिलीनची फीत बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर रूढ झाली. १७ वर्षांच्या एका पाठपुराव्यात प्रत्यक्ष तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणींत गळती आढळली नाही, मात्र तोवर मूळ गटातील बऱ्याच जणी तपासणीच्या बाहेर राहिल्या होत्या.

फीत योनीत उघडी पडणे, दीर्घकाळ वेदना, संबंधाच्या वेळी दुखणे अशा तक्रारींमुळे वाद उभा राहिला. ब्रिटनने जुलै २०१८ मध्ये वापर स्थगित केला. तेथील ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीने २०२० मध्ये स्त्रियांच्या तक्रारी दुर्लक्षिल्या गेल्याचे नमूद केले. अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री थांबली ती अंग बाहेर येण्यावर योनीतून बसवायच्या मोठ्या जाळीची. गळतीवरील अरुंद फितीची नव्हे. दोन्ही गोष्टी एक समजल्या जातात, त्यामुळे भेद स्पष्ट ठेवणे आवश्यक. फीत पूर्ण काढणे अवघड असते, हे संमतीपूर्वीच सांगितले गेले पाहिजे.

अंग बाहेर येणे सोबत असल्यास : या विकारावर मुंबईत विठ्ठल नागेश शिरोडकर व पुरंदरे यांनी विकसित केलेल्या शस्त्रक्रिया भारतात प्रसिद्ध आहेत. अंग वर उचलल्यावर दबलेली गळती उघड होऊ शकते, याची कल्पना रुग्णेला आधी द्यावी.

नालव्रण : अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके दीर्घकाळ दाबून राहिल्याने मूत्राशय व योनी यांत भोक पडते आणि लघवी रात्रंदिवस गळते. व्यायाम वा औषध येथे निरुपयोगी, शस्त्रक्रियाच लागते. अमेरिकेत जे. मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात ही शस्त्रक्रिया गुलाम कृष्णवर्णी स्त्रियांवर, भुलीविना, पुन:पुन्हा करून सिद्ध केली; अनार्का, बेट्सी व ल्युसी ही त्यांतील तिघींची नावे नोंदली गेली आहेत आणि या इतिहासात त्यांचा उल्लेख प्रथम व्हावा. कॅथरीन व रेजिनाल्ड हॅम्लिन यांचे अदिस अबाबा येथील नालव्रण रुग्णालय १९७४ पासून केवळ यासाठी कार्यरत आहे.

साधने : पाळीचे पॅड लघवीसाठी बनवलेले नसतात, गळतीचे वेगळे पॅड वापरावेत. कापडी घड्या वारंवार बदलून उन्हात वाळवाव्यात.

प्रतिबंध : गळती नसलेल्या स्त्रीने गरोदरपणाच्या सुरुवातीपासून श्रोणितल व्यायाम केल्यास शेवटच्या महिन्यांत व बाळंतपणानंतरच्या ३ ते ६ महिन्यांत गळतीची शक्यता कमी होते. सिझेरियनने धोका काहीसा घटतो, पण केवळ त्यासाठी ते करण्याची शिफारस नाही.