उसाच्या ट्रॉल्या, अरुंद रस्ता आणि सायकल: सुरक्षित कसे जायचे?

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या मंदिरासाठी आणि चैत्रातील यात्रेसाठी ओळखले जाते. गावाच्या परिसरात साखर कारखानाही आहे. त्यामुळे गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, उसाने भरलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या याच रस्त्यांवरून जातात. शाळेची मुले, शेतावर जाणारे लोक आणि दूध घालायला निघालेले शेतकरीही त्याच रस्त्याने सायकल चालवतात.

ग्रामीण महाराष्ट्रात सायकल ही हौस नसून गरज आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या 125 तालुक्यांमध्ये शाळेपासून 5 किमीपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत दिली जाते. रस्त्याच्या भीतीने घरच्यांनी सायकल बंद केली, तर अनेकदा मुलीची शाळाही अडते. म्हणून सायकलची सुरक्षितता हा शिक्षणाचाही प्रश्न आहे.

आधी दिसणे महत्त्वाचे

ताशी 60 किमी वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी 25 मीटर अंतर संपते. त्यानंतर वाहन थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी 20 ते 25 मीटर लागतात. म्हणजे सायकलस्वार किमान 50 मीटरवरून दिसला, तरच चालक वेळेत थांबू शकतो. गडद कपड्यातला, दिवा नसलेला सायकलस्वार रात्री तितक्या लांबून दिसत नाही.

उपाय स्वस्त आहेत:

- मागे लाल रिफ्लेक्टर आणि शक्य असल्यास लाल दिवा.
- पुढे पांढरा दिवा. मोबाईलचा टॉर्च हातात धरून एका हाताने सायकल चालवू नये.
- पेडलवर, चाकांच्या तारांवर आणि दप्तरावर चमकणारी पट्टी. पेडल वरखाली होताना पट्टी हलते, त्यामुळे पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच कळते.
- पहाटे, संध्याकाळी आणि धुक्यात फिकट रंगाचे कपडे.

सायकलस्वाराला कायद्याने हेल्मेटची सक्ती नाही. तरीही पडल्यावर डोक्याचा मार कमी बसावा म्हणून ते वापरणे चांगले.

डावीकडूनच का?

रस्त्याला पदपथ नसेल तर पायी चालणाऱ्याने उजवीकडून, समोरची वाहने पाहत चालावे असे सांगितले जाते. काही जण हाच नियम सायकललाही लावतात आणि ते धोक्याचे ठरते. सायकल ताशी 15 किमी आणि मोटारसायकल 60 किमी वेगाने जात असेल, तर एकाच दिशेने जाताना दोघांच्या वेगातला फरक 45 किमी असतो. समोरासमोर आल्यास हाच आकडा 75 किमी होतो. शिवाय फाट्यावर वळणारा चालक चुकीच्या बाजूने येणाऱ्या सायकलकडे पाहतच नाही.

डावीकडून जातानाही डांबराच्या अगदी कडेला चिकटू नये. कडा तुटलेली असते, साइडपट्टी खाली गेलेली असते आणि पावसात काळ्या मातीत चाक घसरते. कडेपासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालवावे. खड्डा चुकवण्याआधी मागे वळून पाहावे आणि हात दाखवावा.

उसाच्या वाहनांपासून जपून

- दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या रेषेत न जाता आतल्या बाजूला सरकते. म्हणून वळणावर ट्रॅक्टर आणि रस्त्याची कडा यांच्यामध्ये सायकल घालू नये.
- ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो आणि खड्ड्यात भार एका बाजूला कलतो. शेजारून जाण्यापेक्षा मागे अंतर ठेवून थांबणे बरे.
- ट्रॉलीला धरून ओढत जाणे किंवा चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसणे जिवावर बेतू शकते. मुलांना हे हंगाम सुरू होण्याआधीच सांगावे.
- अरुंद रस्त्यावर दोन मोठी वाहने समोरासमोर येताना दिसली, तर आधीच थांबून सायकल खाली घ्यावी. दोन मिनिटे उशीर झाला तरी चालेल.
- दोन-तीन मित्रांनी शेजारी शेजारी न जाता एकामागे एक जावे. कानात इअरफोन नसावेत.

चालकाची जबाबदारी मोठी

सगळी काळजी सायकलस्वारानेच घ्यायची असे नाही. धडकेत चालकाभोवती लोखंड असते, सायकलस्वाराभोवती काहीच नसते. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडताना वस्तीत किमान 1.5 मीटर आणि वस्तीबाहेर 2 मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. दीड मीटर म्हणजे मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरल्यावर होते जवळपास तेवढे अंतर. आपल्या रस्त्यावर तेवढी जागा नसेल, तर ती मिळेपर्यंत मागे थांबावे, कट मारू नये. अगदी जवळून हॉर्न वाजवल्यास सायकलस्वार दचकून नेमका रस्त्याच्या मध्ये येऊ शकतो. रात्री समोरून सायकल येत असेल तर डिपर द्यावा. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर असणे नियमाने आवश्यक आहे. त्यावरचा चिखल पुसणे आणि लोंबता ऊस बाजूला करणे हे चालकाचे काम आहे.

अपघात झालाच तर

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्यामुळे ‘नंतर पोलिसांचा त्रास होईल’ म्हणून जखमीला सोडून जाण्याचे कारण नाही.

मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमीला, मग तो सायकलस्वार असला तरी, केंद्राच्या 2025 च्या योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर 2022 च्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास 50 हजार रुपये भरपाई मिळते. दोन्हींसाठी पोलिसांत नोंद होणे महत्त्वाचे आहे.

आज रात्रीच करून पाहा

अंधार पडल्यावर घरातली सायकल रस्त्याच्या कडेला उभी करा. मागे 50 पावले जा, टॉर्च डोळ्यांजवळ धरा आणि सायकलवर मारा. काहीच चमकले नाही, तर चालकालाही ती वेळेत दिसणार नाही. उद्या शाळेला निघण्याआधी मागे रिफ्लेक्टर लावून घ्या.