टेबलावरची अडगावची लढाई

दिवाळीतला मातीचा किल्ला आणि त्यावरचे मावळे आपल्या ओळखीचे आहेत. शिपायांची बाहुली जमवण्याचा आणि मांडण्याचा छंद मात्र जगभर आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्गला अठराव्या शतकातच कथलाचे चपटे शिपाई तयार होत. १८९३ मध्ये इंग्लंडच्या ब्रिटन कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली आणि ते स्वस्त झाले. अमेरिकेतले छंदिष्ट आपल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या (१७७५-८३) लढाया अशाच बाहुल्यांनी मांडतात. वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने हा उद्योग करायचे ठरवले, तर लढाई शोधायला लांब जायला नको. अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. इंग्रजी पुस्तकांत हे गाव ‘आरगाम’ म्हणून सापडते.

पहिली अडचण गणिताची. भोसल्यांची फौज सुमारे पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर लांब पसरली होती. ती दोन मीटरच्या टेबलावर बसवायची तर प्रमाण १ : ४००० होते. या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक! उलट, बाजारातला पाच सेंटिमीटरचा मावळा तेथे उभा केला तर तो दोनशे मीटर उंच ठरेल. म्हणून जमिनीचे प्रमाण एक आणि बाहुल्यांचे दुसरे ठेवावे लागते, आणि एक बाहुली म्हणजे इतके शेकडे शिपाई, असे ठरवून तसे पाटीवर लिहावे लागते. बाहुली कुंभारवाड्यात होतील. पोळ्याचे बैल करणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. (शिसे विषारी असते, शाळेत ते वितळवण्याच्या फंदात पडू नये.)

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मांडणी एकाच क्षणाची होऊ शकते. तो क्षण कोणता घ्यायचा? याच वेलस्लीच्या बाबतीत त्यावरून पुढे मोठा वाद झाला. विल्यम सायबोर्न या लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीवर आठ महिने राहून मोजणी केली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून त्यांच्या आठवणी मागवल्या, आणि १८३८ मध्ये हजारो बाहुल्यांची प्रतिकृती लोकांपुढे ठेवली. त्याने क्षण निवडला तो संध्याकाळी सातचा. त्या वेळी प्रशियाची फौज मदतीला येऊन भिडलेली होती. वेलस्ली, म्हणजे तोवर झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि त्याच्या बाजूचे लोक यांना ते रुचले नाही. विजयाचे श्रेय वाटले जात होते ना! पुढे सायबोर्नने प्रशियन बाहुल्यांपैकी बरीच काढून टाकली. ही प्रतिकृती लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे.

अडगावलाही असा क्षण आहे. गावाजवळून तोफा सुरू होताच, दोनच महिन्यांपूर्वी असईला टिकून राहिलेल्या तीन शिपाई पलटणी फुटून मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः जाऊन त्यांना सावरले. हा क्षण मांडला तर लढाई बरोबरीची दिसते. तासाभराने मांडली तर एकतर्फी.

मग रंगांचा प्रश्न. लाल डगला म्हणजे गोरा, अशी मुलांची समजूत असते. पण वेलस्लीकडे गोऱ्या पायदळाच्या ७४, ७८ आणि ९४ क्रमांकाच्या तीनच पलटणी होत्या. बाकीचे बहुतेक मद्रासकडचे शिपाई, शिवाय म्हैसूरचे आणि निजामाचे घोडेस्वार. लाल डगल्यावरचे बहुसंख्य चेहरे सावळेच रंगवावे लागतील. दुसऱ्या बाजूला भोसल्यांचे एक पथक ७४ व ७८ या पलटणींवर तुटून पडले आणि जवळजवळ सगळेच कापले गेले. वेलस्लीच्या अहवालात ते ‘इराणी असावेत’ असे आहे, तर अनेक इतिहासकार त्यांना अरब मानतात. त्यांना पागोटे कसले बांधायचे? इंग्रजांचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून साडेतीनशेच्या आसपास, असा हिशेब कागदावर आहे. भोसल्यांकडच्यांची अशी मोजदाद नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना वर्गात पडताळता येईल. घोडदळाने चांदण्यात पाठलाग केला, असे अहवाल सांगतो. २१ जानेवारी २००० ला पौर्णिमा होती. तेथून २९.५३०६ दिवसांचा एक, असे २४२६ चांद्रमास मागे मोजा. ७१,६४१ दिवस होतात आणि तारीख येते २९ नोव्हेंबर १८०३. चांदणे खरे होते, तेही पुरते.

यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख, म्हणजे वाशीमसकट वऱ्हाड, निजामाकडे गेला आणि येथल्या वसुलातला भोसल्यांचा वाटा संपला. त्या संध्याकाळी मैदानात असलेल्या निजामाच्या घोडेस्वारांची चार बाहुली म्हणून टेबलावर हवीतच.