कडू कवठाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी

रेडीहून दक्षिणेस तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे महाल लागतो. त्यातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक म्हणून इतिहासप्रेमी त्यांना ओळखतात. भायखळ्याच्या संग्रहालयालाही त्यांचेच नाव आहे. महारोगावरील त्यांचे प्रयोग मात्र क्वचितच आठवले जातात.

या रोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची कातडी जाड होते, नाक फुगते, कानाच्या पाळ्या लोंबतात, भुवया झडतात. रोगजंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून नाक आणि कान आधी सापडतात. पुढे नाकाच्या आतील हाड व कूर्चा झिजून तेच फुगलेले नाक बसते. (प्रत्येक जाड नाक महारोगाचे नसते. रोझेशियानेही नाकावर गाठी येतात. पॅरिसच्या लूव्रमधील, घिरलांदायोच्या चित्रातल्या आजोबांचे नाक पाहावे.) परंतु लोकांना हा भेद कुठला! चेहरा बदलला की घर तुटे, गाव तुटे; मग उरे ते देवळाबाहेर भीक मागणे.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी होते. पाश्चात्त्य वैद्यक शिकूनही देशी औषधींकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. कोकणात ओढ्याकाठी वाढणारे कडू कवठ, अर्थात कवटी, लोकांच्या परिचयाचे होते. त्याच्या कठीण कवचाच्या फळातील बियांचे तेल खरूज-नायट्यांवर घरोघरी लावीत. तेच तेल भाऊंनी महारोग्यांवर वापरले.

औषधाचे नाव मात्र त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले, आणि त्यावरून टीकाही झाली. पुरता अनुभव येण्यापूर्वी दवा जाहीर करू नये, हा विचार समजण्याजोगा आहे. तरी ज्या रोगावर दुसरा इलाजच नव्हता, तिथे ही गुप्तता रुग्णांना महाग पडणारी होती. भाऊंच्या थोरवीने हा आक्षेप पुसला जात नाही.

१८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचा जंतू पाहिला. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, भाऊ दाजी निवर्तले. १८९० मध्ये मुंबईत महारोग्यांसाठी अ‍ॅकवर्थ रुग्णालय उभे राहिले. कडू कवठाच्या जातभाईंचे तेल, म्हणजे चौलमोगरा, तोवर जगभर पोहोचत होते. ते पोटात घेतले तर मळमळ, टोचले तर असह्य वेदना. १९१५-१६ च्या सुमारास हवाईत अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने ते टोचता येईल असे केले. तिचे श्रेयही बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिले.

तेलाने काहींना उतार पडे, पण रोग समूळ जाईलच याची खात्री नसे. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. सरकारी दवाखान्यात तो विनामूल्य मिळतो, आणि वेळीच सुरू केला तर नाक बसण्याची पाळी येत नाही.