सरासरी आणि सर्पण : परिवर्तक-नियंत्रणाच्या इतिहासातील दोन प्रवाह

विद्युद्दाब वाढविणाऱ्या परिवर्तकाचा संसार लहानसाच असतो : एक वेटोळे, एक धारित्र, एक डायोड व एक स्विच. स्विच चालू असता वेटोळ्यात ऊर्जा साठते. तो तोडला की ती धारित्राकडे व भाराकडे वाहते. दोन्ही अवस्थांत मंडल रेषीयच असते. अरेषीयता उद्भवते ती एका अवस्थेतून दुसरीत घेतलेल्या उडीमुळे. ही उडी गणितात कशी मांडावी, या प्रश्नाची दोन उत्तरे दोन निराळ्या वर्तुळांत वाढली.

पहिले उत्तर कॅलटेकचे. १९७६ साली मिडलब्रुक व स्लोबोदान चुक (मराठी वाचकाने या आडनावाचा अर्थ लावू नये) यांनी अवस्था-सरासरीची पद्धत मांडली. दोन अवस्थांच्या समीकरणांची कालप्रमाणानुसार सरासरी घ्यावयाची व इष्ट कार्यबिंदूभोवती तिचे रेषीकरण करावयाचे. अभियंत्यांची परिचित रेषीय साधने यामुळे कामी आली. मात्र परिवर्तक सुरू होताना किंवा भार एकाएकी बदलताना प्रणाली कार्यबिंदूपासून दूर जाते, आणि तेथे या रेषीकरणाची हमी संपते.

दुसरे उत्तर मॉस्कोचे. एमेल्यानोव्ह, उत्किन प्रभृतींनी १९६० च्या दशकात उडी झाकली नाही. तिलाच कामास लावले. अवस्था-अवकाशात एक पृष्ठ आखावे, दोन्ही बाजूंची गती त्याकडेच लोटली जाईल असा स्विच चालवावा, म्हणजे प्रणाली त्या पृष्ठावरून सरपटत राहते. यांत्रिक झडपेस अशी सततची थरथर झिजवून टाकील. परिवर्तकातील स्विच तर उघडझाप करण्यासाठीच असतो. उत्किन यांचा इंग्रजी आढावा १९७७ साली आला. १९८५ साली वेंकटरमणन, शाबानोविच व तेच चुक यांनी सर्पण-नियंत्रण या परिवर्तकांना लावून दाखविले. सरासरीच्या प्रवर्तकांपैकी एकानेच दुसऱ्या वाटेवर पाऊल टाकावे, हे लक्षणीय होय.

परंतु दाबवर्धकात एक सापळा आहे. दाब वाढविण्यासाठी स्विच अधिक काळ चालू ठेवावा लागतो, आणि तेवढा काळ धारित्रास काहीच मिळत नाही. म्हणून दाब आधी घसरतो, मग चढतो. पृष्ठ केवळ दाबावर आखले तर दाब स्थिर दिसतो, पण आत वेटोळ्याचा प्रवाह अस्थिर होतो. यास्तव पृष्ठ प्रवाहावर आखून दाब अप्रत्यक्षपणे साधावा लागतो. व्हेनेझुएलातील सिरा-रामिरेझ यांनी १९८७ साली अशा द्विरेषीय मंडलांतील सर्पणगतीचे विवेचन केले; १९८९ मध्ये, उघडझापीची वारंवारता अनंत मानल्यास सरासरीतील कालप्रमाण व उत्किन यांचे ‘समतुल्य नियंत्रण’ एकच ठरते, असे भूमितीच्या आधारे त्यांनी दाखविले.

अनंत वारंवारता कोणत्याही स्विचजवळ नसते. प्रत्यक्षात पृष्ठाभोवती एक पट्टा ठेवावा लागतो. मग वारंवारता भारानुसार बदलते, आणि गाळणी-मंडल आखणाऱ्याची अडचण होते. सरासरीचीही उणीव याच सुमारास उघड झाली. १९८८ साली हॅमिल व जेफ्रीज यांनी नियंत्रित परिवर्तकात उपसंनादी व अनियमित, ‘केऑस’ म्हणून ओळखले जाणारे वर्तन दाखवून दिले. ते एका आवर्तनापासून दुसऱ्या आवर्तनापर्यंतच्या हिशेबातच सापडते. सरासरी घेताच पुसले जाते.