मार्चमाँट स्ट्रीटवरचे दुकान

पुस्तकविक्रेत्यांचा इतिहास आपल्याकडे कोणी फारसा लिहीत नाही. वाङ्मयेतिहासात लेखक येतात, प्रकाशक येतात, क्वचित मुद्रकही येतो. गल्ल्यावर बसलेला माणूस मात्र बाहेरच राहतो. लंडनच्या ‘गेज द वर्ड’ या दुकानाची हकीकत वाचताना आम्हाला ही उणीव प्रकर्षाने जाणवली.

ब्लूम्सबरी भागात, मार्चमाँट स्ट्रीटवर, जानेवारी १९७९ मध्ये काही समलिंगी कार्यकर्त्यांनी हे दुकान उघडले. क्रेग रॉडवेल यांनी १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑस्कर वाइल्डच्या नावाने काढलेले दुकान त्यांच्यापुढे होते. एरवी एकमेकांना भेटायचे तर बहुधा रात्रीचे मद्यालयच गाठावे लागे. येथे दिवसाउजेडी, रस्त्यावरच्या दारातून आत जाता येऊ लागले. संध्याकाळी तेथे चर्चामंडळेही भरत.

१० एप्रिल १९८४ रोजी दुकानावर छापा पडला आणि हजारो पौंडांची पुस्तके उचलून नेण्यात आली. त्यांत टेनेसी विल्यम्स, गोर व्हिडाल, ज्याँ जने यांचे ग्रंथ होते. छापा घातला तो कस्टम्सने, आणि खरी मेख येथेच आहे. अश्लील प्रकाशनांविषयीच्या १९५९ च्या कायद्यात वाङ्मयीन गुणवत्तेचा बचाव मान्य होता. त्याच आधारे १९६० साली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’चे प्रकाशक निर्दोष सुटले. आयात मालाला लागू होणाऱ्या १८७६ च्या कायद्यात असा बचावच नव्हता. समलिंगी साहित्य तर बव्हंशी अमेरिकेतून येई. इंग्लंडात छापलेल्या पुस्तकाच्या गुणवत्तेवर न्यायालयात निदान बोलता आले असते. बंदरावर उतरलेले पुस्तक हा केवळ निषिद्ध माल. अशा साहित्याला देशात शिरायला मोजकीच दारे असताना त्यांतले एक बंद पाडणे म्हणजे काय, हे अधिकाऱ्यांना कळत नसेल असे आम्हाला वाटत नाही.

संचालकांवर कट रचल्याचा आरोप ठेवला गेला. वाचक-लेखकांनी निधी उभारला. मग १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका भलत्याच खटल्यात (तो जर्मनीतून आणलेल्या, हवा भरायच्या बाहुल्यांचा होता!) निर्णय दिला: जी वस्तू देशात मुक्तपणे बनवता येते, तिची समुदायातील अन्य देशांतून होणारी आयात नीतीच्या नावाखाली अडवता येणार नाही. त्यानंतर कस्टम्सने आरोप मागे घेतले. जने यांच्या पुस्तकांची वाट बाहुल्यांनी मोकळी करावी, यातला उपरोध त्यांनाच अधिक कळला असता.

याच धामधुमीत, १९८४-८५ मध्ये, संपकरी खाणकामगारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या समलिंगी गटाच्या बैठकाही या दुकानात होत. न्यूयॉर्कचे दुकान २००९ साली बंद पडले. मार्चमाँट स्ट्रीटवरचे अजून उघडे आहे.